झाकणबाई

मेश्राम बाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी विचारत, "तुमच्या टाकीले झाकण हाये का?" बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणी आजारी आहे म्हणून भेटायला गेलेल्या असोत. घरची बाई सरबताचे पेले घेऊन उभी आणि मेश्राम बाईंची नजर गच्चीच्या जिन्याकडे. झाकण आहे असं उत्तर आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "नीट बसते का? का नुसतंच ठेवलं हाये?" हा पुढचा प्रश्न तयार असायचा. आमच्या शाळेतल्या पोरींनी त्यांचं नाव झाकणबाई ठेवलं ते उगाच नाही. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा कुण्या टारगट पोरीने फळ्यावर भलंमोठं झाकण काढून ठेवलं. बाईंनी ते पुसलं नाही. खडू घेऊन त्याला एक कडी काढली, "कडी नसली तर उचलाल कशी?" म्हणाल्या आणि पुढचा धडा सुरू केला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. उत्तर नागपुरातली मुलींची शाळा. मी मराठी शिकवायचे, बाई विज्ञान. शाळेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी ती चालवली त्यांची नातवंडं आता ती चालवतात, आणि या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायची माझी तयारी नाही. पण राग अजून आहे. तो कमी झाला असं कुणी समजू नये.

सुट्टीनंतर शाळा उघडली की बाई प्रार्थनेच्या कितीतरी आधी येत आणि शाळेतले सगळे नळ सोडून देत. आधी गंजाचं लाल पाणी यायचं, मग पिवळट, मग हळूहळू साफ. जूनमधलं नागपूर, गावात पाण्याची मारामार, आणि या बाई पाणी वाहू देतात म्हणून शिक्षकांच्या खोलीत कुजबुज व्हायची. बाई ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सुट्टीभर पायपात सडलं ते पाणी पोरींच्या पोटात घालू काय?" गच्चीवरून एक पाइप कधीकाळी बंद केलेल्या नळाकडे जायचा. त्याला त्या आंधळा पाइप म्हणत. त्यात पाणी शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं. "जंतूंची खानावळ हाये तिथं," असं म्हणून त्यांनी एका प्लंबरला धरून आणलं आणि समोर उभं राहून तो तुकडा मुळापासून कापून घेतला. त्यांचं एक वाक्य शाळेत म्हणीसारखं फिरायचं: "ऊन लागलं की शेवाळ येते, ओल राह्यली की जंग चढते, आन् माणसानं पाठ फिरवली की दोन्ही येते."

पाण्याबद्दल एवढी आग का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेल्यांपैकी. त्याआधीचं त्यांच्या आजोबांचं सांगत होत्या. "माह्या आज्याले विहिरीवर वरून पाणी वाढत. ओंजळ धरून उभा राहे. कोणाच्या मनात आलं तं वाढे, नाही तं उन्हात उभा. आता नळाले कोणी बी हात लावते. एवढ्या मुश्किलीनं सगळ्यायले एक पाणी भेटलं, आन् तेच घाण पाजाचं?" माझ्या माहेरी स्वतःची विहीर होती. हे ऐकताना कुठे बघावं ते मला कळेना.

आता त्या टाकीविषयी. शाळेच्या गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी होती आणि तिच्यावर आमच्या सेक्रेटरी साहेबांच्या वडिलांचं नाव, स्मरणार्थ म्हणून, रस्त्यावरून वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी टाकीला बाहेरून चुना लागायचा, नाव नव्याने रंगवलं जायचं. आत कुणी बघत नसे. रस्त्यावरून आतलं दिसत नाही ना. झाकण पत्र्याचं होतं. वरून ऊन आणि खालून वाफ लागून ते गंजलं, त्याचे पापुद्रे सुटले आणि एक दिवस निम्मं झाकण आत पडलं. उरलेलं निम्मं तसंच राहिलं. भिंतीवर हिरवं शेवाळ आणि तळाला लोखंडाचा लाल गाळ, अशा त्या टाकीतलं पाणी आमच्या पोरी भर उन्हाळ्यात घटाघटा प्यायच्या.

कहर म्हणजे जलपूजन. शाळा उघडली की सेक्रेटरी साहेब गच्चीवर जाऊन टाकीची पूजा करत. नारळ फोडायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि शेवटी झेंडूचे हार पाण्यात सोडायचे. खाली पोरी टाळ्या वाजवायच्या आणि वर हार सडायला लागायचे. बाई दुसऱ्या दिवशी बांबूला आकडा बांधून ते हार ओढून काढत, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत आणि पाणी तसंच ठेवून दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाला नळ उघडू देत नसत. एका वर्षी साहेबांनी त्यांना बांबूसकट पकडलं. मी तिथेच होते.

"मेश्राम बाई, आमच्या पूजेच्या हाराला हात लावायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पूजा तुमची हाये साहेब, पाणी पोरींचं हाये. हार टाकीवर ठेवा ना. टाकीत काहून टाकता?"

"तुमच्या लोकांना देवाधर्माचं काही नाही, ते ठीक आहे. आमचं आम्हाला करू द्या."

तुमच्या लोकांना. शिकल्यासवरल्या माणसाने, मुलींच्या शाळेच्या गच्चीवर, विज्ञानाच्या शिक्षिकेला. गोष्ट सडक्या फुलांची होती आणि त्या माणसाला तिच्यात जात दिसली. बाईंचा चेहरा एवढासा झाला, पण त्या म्हणाल्या, "देव काढून नाही राहिली मी. हार काढून राहिली." त्या दिवसापासून गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या घरी गेली. बाई पुन्हा पुन्हा मागत राहिल्या. किल्ली द्या, झाकण करा, निदान पावडर तरी टाका. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "पाहू." ज्याच्या हातात सत्ता असते त्याचा हा फार आवडता शब्द. मी तो आयुष्यभर ऐकला आणि तो ऐकल्यावर कुणी काही पाहिलेलं मला आठवत नाही.

त्या पावसाळ्यात पोरी आजारी पडायला लागल्या. सातवीतली सुनंदा बाईंच्याच तासाला बाकावर डोकं टेकून बसली. फार चुणचुणीत पोर, बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तशीच तिला रिक्षात घालून घरी नेली. दप्तर वर्गातच राहिलं. टायफॉईड निघाला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एकाच शाळेच्या एवढ्या पोरी पाहून विचारलं, या पाणी कुठलं पितात? बाकीच्या पोरी हळूहळू उठल्या. सुनंदा उठली नाही. तिचे वडील, वामनराव, गिरणीत कामाला होते. एकुलती एक मुलगी.

शाळेत शोकसभा झाली. सेक्रेटरी साहेब गहिवरून बोलले. ईश्वरेच्छेपुढे कुणाचं चालत नाही, असं म्हणाले. मागच्या रांगेतून बाई उठल्या.

"ईश्वराले मधात आणू नका. गच्चीची किल्ली आणा."

किल्ली आणावी लागली. दोन दिवसांनी टाकी रिकामी केली तेव्हा मी वर होते. त्या वर्षीच्या पूजेचे, बाईंना काढू न दिलेले हार काळे, लिबलिबीत होऊन तळाला बसले होते. झाकणाचे गंजके तुकडे होते. एक कबूतर होतं, म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. कामावरच्या माणसांनी नाकाला फडकी बांधून ते सगळं खाली नालीत टाकलं. मी त्या नळाचं पाणी रोज प्यायले होते.

यानंतर संस्थेने काय केलं? नवी टाकी बांधायची ठरवली आणि तिच्यावर सुनंदाचं नाव द्यायचं ठरवलं. 'कुमारी सुनंदा हिच्या स्मरणार्थ.' म्हणजे जिच्या जिवावर बेतलं तिच्याच नावाने उदार व्हायचं. वामनराव तयार झाले. हात जोडून म्हणाले, पोरीचं नाव राहील. मी बाईंपुढे थयथयाट केला. त्या माणसाला खरं काय ते सांगा, नाहीतर मी सांगते, म्हटलं.

"काय सांगशीन वं?" बाई म्हणाल्या. "पोरगी तं गेली. आता हे बी देऊ त्याले? माणूस नशिबावर रुसून जगू शकते. टाकीवर रुसून तो कसा जगन?"

कुणाचीही भीड न धरणारी ती बाई त्या एका माणसापुढे गप्प राहिली. सेक्रेटरी साहेबांकडे मात्र गेली आणि आपण गप्प राहण्याची पुरेपूर किंमत वसूल करून आली. झाकण सिमेंटचं, कडीचं. जास्तीचं पाणी बाहेर जातं त्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. नळाकडे जाणारा पाइप तळापासून वितभर वर, म्हणजे गाळ खालीच राहील. प्रत्येक सुट्टीत टाकी घासून धुवायची. आणि किल्ली मेश्राम बाईंकडे. साहेबांनी सगळं मान्य केलं. भितात ती माणसं फार लवकर मान्य करतात.

नव्या टाकीचंही जलपूजन ठेवलंच. माणसं सुधारत नाहीत. साहेबांनी झेंडूचा हार वामनरावांच्या हातात दिला आणि टाकीच्या तोंडाशी त्यांना उभं केलं. बाई पुढे झाल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हार तिच्या नावाले घाला. पाण्यात नको." वामनरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि वाकून नावावर हार चढवला. बापाने केलं, त्यावर बोलायची कुणाची छाती होती? त्या दिवसापासून पाण्यात फूल पडलं नाही.

पुढे दरवर्षी सुनंदा गेली त्या तारखेला वामनराव येत. बाई त्यांना वर नेत, झाकण उचलून बॅटरीच्या उजेडात टाकीचा तळ दाखवत. तळाचं सिमेंट स्वच्छ दिसायचं. मग ते खाली येऊन नळाचं ओंजळभर पाणी पीत आणि जात. मला ते बघवत नसे. एवढा भोळा माणूस, आणि सगळी शाळा त्याला फसवते आहे, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

बाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी मनीषनगरात एका उंच इमारतीत राहते आणि तिथल्या मीटिंगमध्ये भांडखोर म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे. लिफ्टला आरसे लागतात, दाराशी कारंजं होतं, आणि टाकी शेवटची कधी धुतली ते एकालाही सांगता येत नाही. मी विचारते. हे विचारायचं असतं, आणि उत्तर येईपर्यंत बसायचं नसतं, एवढं बाईंनी मला शिकवलं.

त्या निवृत्त झाल्या तो दिवस मात्र सांगायला हवा. शाल-श्रीफळ संध्याकाळी होतं. बाईंनी सकाळीच वामनरावांना बोलावून घेतलं आणि मलाही वर नेलं. आता न सांगता गेले तर झोप लागणार नाही, असं मला जिन्यात म्हणाल्या. टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"भाऊ, तुम्हाले एक सांगाचं राह्यलं. सुनंदाचं. ते जुन्या टाकीचं पाणी..."

"माहीत हाये बाई," वामनराव म्हणाले.

बाईंनी पदर सोडला.

"पोरीचं दप्तर न्याले आलो होतो, त्याच दिवशी टाकी धुऊन राह्यले होते. नालीत काय काय पडलं होतं, ते पाह्यलं मी."

"मंग नाव काहून टाकू देलं तुम्ही? अन् मले इतके वर्स काही बोलले नाही?"

"तुम्ही माह्यासाठी गप होत्या, ते दिसत होतं मले. म्हणून मी बी गप." त्यांनी टाकीवरच्या नावावरून हात फिरवला. "नुसती नवी टाकी बांधली असती, तं दोन-चार सालात पुन्हा तसंच केलं असतं यायनं. साहेबाच्या बापाचं नाव मिरवाले होतं. मेल्या पोरीच्या नावाले माणूस भेते. म्हटलं, राहू दे तिचं नाव. बाकीच्या पोरींची राखण तं करन."

बाई झाकणावर बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मलाही रडू आलं, आणि त्या रडण्यात संतापच जास्त होता.

खाली मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरी नळाकडे धावल्या. वामनराव गच्चीच्या कठड्याशी गेले आणि शेवटची पोर पाणी पिऊन जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.