आल्प्समध्ये पडदा ओढणारी माणसं

झुरिक ते मिलान हा आगगाडीचा प्रवास करणार असाल तर आधी सोबत कोण येतंय ते पाहा, तिकिटाचं नंतर. मी उलटं केलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात मी बहारीनला, मनामातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. रजा मागितली की साहेब "इंशाल्ला" म्हणत आणि उन्हाळा निघून जाई. शेवटी रजा मिळाली, तेव्हा मी आणि माझे मिस्टर फ्रान्सिस निघालो. शेजारचं सावंत जोडपं, मालवणचं, "आम्ही पण येतो" म्हणालं.

मला एकच गोष्ट पाहायची होती: वासेन गावचं चर्च. तिथे रूळ डोंगरात वळसे घेत चढतात, म्हणून तेच चर्च तीनदा दिसतं. आधी वर, मग समोर, शेवटी खाली. वसईच्या कॉन्व्हेंटात भूगोल शिकवणाऱ्या आमच्या स्विस सिस्टर आग्नेस ते फळ्यावर काढून दाखवत. वसईला शेवटची भेटले तेव्हा त्या थकल्या होत्या. "गेलीस तर नीट बघ आणि मला येऊन सांग," म्हणाल्या. मला वाटलं, अजून परीक्षाच घेतायत.

सकाळची गाडी घ्या. ब्रेड-चीज स्टेशनवरच घ्या, गाडीतली कॉफी महाग आणि कोमट. हल्ली जलद गाड्या लांबलचक बोगद्यातून जातात, चर्च दिसत नाही. जुन्या घाटातली गाडी मुद्दाम विचारून घ्या.

वाटेतलं मोठं तळं मागे पडलं, डोंगर अंगावर आले, डब्यात ऊन आलं. सावंतवहिनींनी सर्रकन पडदा ओढला.

"वहिनी, उघडा तो!"

"ऊन लागता गो. काळी पडशीत."

आल्प्समध्ये ऊन! बहारीनला आम्ही सगळेच खिडक्यांना चांदीचा कागद चिकटवून राहायचो, कबूल. पण सवयीला काही सीमा? मी पडदा हिसकला, तोवर बोगदा आला. पहिलं दर्शन खलास.

दुसऱ्या वेळी सावंतभाऊ कॅमेरा घेऊन उठले. गावी फोटो पाठवायचा होता. "यल्ला, चला, सगळ्यांनी खिडकीकडे पाठ करा! मागे फॉरेन दिसूक व्हया!"

"भाऊ, मला चर्च बघायचंय."

"फोटोत बघा मागसून."

फ्रान्सिस तरी माझ्या बाजूने बोलेल वाटलं. तो म्हणाला, "अगं, चर्चच ना? वसईत काय कमी आहेत?"

फोटो निघाला. पुन्हा बोगदा.

मग मात्र मी वहिनींचा चिवड्याचा डबा ओलांडून कंपार्टमेंटबाहेरच्या बोळात गेले आणि काच खाली केली. डोकं बाहेर काढू नये. मी काढलं. खाली, खूप खाली, काडेपेटीएवढं पांढरं चर्च, आणि शेजारच्या उतारावर कोणीतरी गवत वाळत घालत होतं. दिसलं आणि गेलं.

"दिसला काय?" वहिनींनी विचारलं. मी पडदा पुरता सरकवून मिलानपर्यंत धरून बसले. मिलानचं स्टेशन भव्य आहे म्हणे. रागात माझं लक्षच नव्हतं.

पुढच्या रजेत वसईला येऊन मी सिस्टरपुढे सगळी तक्रार ओतली. तीनपैकी एकदाच पाहिलं, तेही वरून!

"वरून कसं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तर फळ्यावर काढायचात."

"ते माझ्या भावाने सांगितलेलं. मी भारतात यायला त्याच गाडीने निघाले, बोट पकडायला. मदर सुपिरियरची आज्ञा होती, प्रवासात नजर मांडीवर. मी खिडकीतच बसले होते."

घरी परत जायची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही.

वहिनींवरचा माझा राग तिथेच लहान झाला. पडदा निदान हिसकता तरी येतो. पण त्या मदरशी भांडायला कुठे जाणार? ती केव्हाच गेलेली. तो राग मात्र मी आजही सोडलेला नाही, सोडणारही नाही.

मी सिस्टरना चर्च सांगितलं, उतार सांगितला, गवतवाला सांगितला.

"पुरुष होता की बाई?"

"डोक्यावर टोपी होती. पुरुषच असणार."

"आमच्याकडे बायकाही घालतात," त्या म्हणाल्या, आणि मला पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगायला लावलं.