क्राउलीबाईंची पोटदुखी

गणितात गटांगळ्या खाणाऱ्या पोरांना मॅलो गावात एकच पत्ता ठाऊक होता: नोरीन क्राउलीबाईंचं स्वयंपाकघर. बावीस वर्षं त्यांनी तिथल्या टेबलाशी चार-चार मुलं बसवून शिकवलं. साथीत घरं एकमेकांना बंद झाली, तेव्हा संगणकावरून शिकवणं काही बाईंना जमलं नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या क्लिओनाला मात्र जमलं. साथ ओसरल्यावर तिने बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात वर्ग थाटले. सहा शिक्षक, नव्वद मुलं, आणि दर शुक्रवारी आयांना मुलाच्या प्रगतीचा फोन.

बाईंकडे तिघं उरली.

पाव आणायलाही त्या मुद्दाम क्लिओनाच्या वर्गांवरूनच जात. काचेतून गर्दी दिसली की चेहरा आंबट व्हायचा. कधी वर्ग रिकामा दिसला तर घरी येऊन चहाबरोबर केकचा चांगला जाड तुकडा खायच्या. "तिथे नुसती घोकंपट्टी चालते," असं भेटेल त्याला सांगायच्या.

मार्चमध्ये डोनल नावाच्या तरुण शिक्षकाने त्यांना रस्त्यात गाठलं. "बाई, क्लिओनाचा गणिताचा शिक्षक सोडून गेला, म्हणून तिने मला बोलावलंय. जाऊ का?"

"जा की. पण पगार वेळेवर होत नाहीत म्हणे तिथे."

असं त्यांनी कुणाकडूनही ऐकलेलं नव्हतं.

डोनल गेला नाही. शालान्त परीक्षेला तीन आठवडे उरले असताना क्लिओना बाईंच्या दारात आली. डोळे तांबारलेले. "बाई, गणिताला माणूसच मिळत नाही. मी एकटी पुरत नाही, वीस मुलं अडकलीत. याल?"

बाईंना आधी आतून गुदगुल्या झाल्या. मग ती वीस मुलं डोळ्यांपुढे आली, आणि त्या गेल्या. मुलांच्या वह्या पाहिल्या, तर घोकंपट्टी कुठेच नाही. तेही त्यांना टोचलं.

शेवटच्या दिवशी त्या अडखळत म्हणाल्या, "क्लिओना, डोनलला मीच..."

"ठाऊक आहे." क्लिओना खुर्च्या लावत होती. "नाही म्हणायला आला तेव्हाच बोलला. मी परोपरीने सांगितलं, पण त्याला तुमचंच खरं वाटलं."

"आणि तरी माझ्याकडे आलीस?"

"मग कुणाकडे जाऊ? गणित मला तरी कुणी शिकवलं? सप्टेंबरपासून माझ्या शिक्षकांना तयार करा, बाई."

बाई कानापर्यंत लाल झाल्या, पण हो म्हणाल्या. आता त्या सहा शिक्षकांना घडवतात, आणि झकास घडवतात. तरी एखादी आई "क्लिओनामुळे पोरगा तरला हो!" म्हणाली, की त्या फळा गरजेपेक्षा जोरात पुसतात.