पुंजारामाच्या पाठीतलं पाणी

कन्नड तालुक्याकडचा पुंजाराम शहरात आला तो नळाच्या लाईनीचे व्हॉल्व्ह उघडायला. तीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी टाकून त्यानं गल्ल्या तुडवल्या. माळावर वसाहतींमागून वसाहती उठल्या, साहेब आले नि गेले. पण कुठल्या रस्त्याखालून कुठली लाईन गेली ते कागदापेक्षा पुंजारामालाच जास्त ठाऊक. त्या बाबतीत गडी जरा आखडूही होता. कुणी नकाशा काढून मागितला की हसायचा.

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात पाणी आठवड्यानं यायला लागलं. त्याच उन्हाळ्यात त्यानं छावणीजवळच्या एकाच गल्लीला लागोपाठ तीनदा पाणी सोडलं, शेजारची कोरडी ठेवली. तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन त्याच्या दारात आल्या. कालच तर सोडलं, असं तो म्हणाला. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे कालिंदीला माहीत होतं, म्हणूनच ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर मृण्मयीबाई म्हणाल्या, विसरण्याची काही कारणं औषधानं हटतात. अल्झायमर मात्र हटत नाही. कोणतं ते कळायला कण्यातलं पाणी तपासू. ते काढलं की माणूस लुळा पडतो, असं अख्ख्या गल्लीनं कालिंदीच्या मनात भरवलं. तरी तिनं सही केली. हटणारं निघू दे, एवढंच ती देवाला विनवत होती.

अहवाल आला. पाठीतल्या पाण्यात टाऊ नावाचं प्रथिन वाढलेलं, अमायलॉइड नावाचं घटलेलं. घटलेलं ऐकून कालिंदीला उगाच आशा वाटली. रोज अंडी, मटकी खाऊ घालून भरून काढते, म्हणाली.

तेव्हा पुंजाराम बोलला. “खाली कमी येतंय म्हंजी मधी लाईनीत साचलंय.”

बाईंनी चमकून पाहिलं. अगदी तसंच, म्हणाल्या. अल्झायमरमध्ये ते मेंदूत साचतं, म्हणून पाण्यात कमी उतरतं.

“जुनी लाईन हाय. आता नाय निघायचं ते.”

कित्येक महिन्यांत तो इतकं नीट बोलला नव्हता. कालिंदीला घटकाभर आपला माणूस परत मिळाला. तिनं त्याचा हात धरला.

त्यानं तो अदबीनं सोडवून घेतला आणि तिच्याकडं कळवळून पाहिलं.

“बाई, ज्याच्या डोक्यात साचलंय, ते तुमच्या घरातलं माणूस हाय का?”

“व्हय,” कालिंदी म्हणाली.