आईच्या साड्यांच्या चिंध्या

नारायणगावातल्या आमच्या दुकानात फवारणीचा तयार पंप कधीच नसायचा. फळ्यांवर नुसते सुटे भाग: इंजिनं, हेड, फ्रेमा, पाइपची भेंडोळी, गन. गिऱ्हाईक येऊन बाग चढावर आहे की सपाटीला, एक गन हवी की दोन, ते सांगणार आणि मग वडील जुळणी करणार. जोडून ठेवलेला पंप एकाच्याच कामाचा, सुटा भाग कुणाच्याही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा निव्वळ चेंगटपणा वाटायचा.

ऑर्डरीतला एखादा भाग यायचा बाकी असला, की आलेल्या भागांना वडील आईच्या जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा रंग वेगळा. चिंधीच्या मालाला दुसऱ्यासाठी हात लावायचा नाही. आई कुरकुरत जुनेर काढून द्यायची.

एका खंडेनवमीला आईनं पूजेसाठी सगळा माल पुसला आणि देवापुढं चिंध्या कशा ठेवायच्या म्हणून एकूण एक सोडून टाकल्या. वडिलांना कळलं तेव्हा झेंडूच्या माळासुद्धा घालून झाल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी दोन गिऱ्हाइकं एकदमच हजर, आणि हेड एकच. गावातला मोठ्यानं म्हणाला, "माझंच हाय ते." दुसरा ओतूरहून जीप घेऊन आला होता. त्याच्या द्राक्षांवर केवडा रोग पडला होता. त्या दिवशी फवारणी झाली नसती तर घड हातचे गेले असते. हेड कुणासाठी राखलं होतं आणि पुढच्या मालाचा वायदा कुणाला केला होता, वडिलांना काही केल्या आठवेना. इतके कावरेबावरे झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

आई आतून चिंध्यांचं गाठोडं घेऊन आली. त्यातली मोरपंखी चिंधी उचलून म्हणाली, "हेडला ही व्हती. माझ्या भावानं भाऊबीजेला दिलेली साडी न इचारता फाडली ह्यांनी. लई बोलले व्हते मी तवा."

ओतूरकर हसला. "व्हय वहिनी, माझ्याम्होरंच झापलं व्हतं तुमी भाऊंना!"

"मग त्यांचंच, राव," गावातलाही हसत म्हणाला. "मी थांबतो."

बायकोची बोलणी खाल्ल्याबद्दल वडील जन्मात पहिल्यांदाच खूश दिसले. दुपारच्या आत पंप जीपमध्ये चढला. हंगामात ओतूरहून द्राक्षांची पाटी आली, ती आईच्या नावानं.

आता आई नाही. दुकान मी बघते. कुठला भाग कुणासाठी राखलाय, ते मोबाइलवर दिसतं. पोरीनं धंदा सुधारला, असं बाजारात म्हणतात आणि मीही खुशाल ऐकून घेते. पण आईचे दिवस झाल्यावर पहिली ऑर्डर आली, तेव्हा वडील तिचं कपाट उघडून कात्री घेऊन कितीतरी वेळ उभे होते. मग कात्री माझ्या हातात देऊन म्हणाले, "ते तुझं कॉम्प्युटरचं काय म्हणत व्हतीस, ते आण."