ताईच्या खोलीची कडी

ताई गेली त्या सकाळी तिला शेवटची अंघोळ घालायला नात्यातल्या बायका जमल्या. पाणी तापलं होतं, नवी साडी आणली होती, तरी कोणी पुढे होईना. शेवटी माझ्या चुलतभावाची बायको, विमलवहिनी, ओटीवर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, हातमोजे मिळतील का कुठे? तसं काही नाही हो, पण आपलं..." वाक्य तिने पुरं केलं नाही. आमच्या घरात ते माझ्या लहानपणापासून असंच अर्धवट बोललं गेलं आहे. माझी मुलगी नीलिमा विरारच्या तिच्या फ्लॅटवरून धावत आली होती. ती म्हणाली, "काकू, आत्याच्या हातची सुकेळी तुम्ही डबे भरभरून नेलीत. तेव्हा नाही आठवले हातमोजे?" मग दार लोटून तिने एकटीनेच आत्याला न्हाऊ घातलं.

तेराव्याला मात्र सगळे चांगलं बोलले. जेवणं झाल्यावर हीच विमलवहिनी सुपारी कातरत म्हणाली, "वन्संना एकांताची फार आवड. कुठे जाणं नाही, येणं नाही. देवमाणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची चीड अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ताईला एकांताची आवड नव्हती. लहानपणी आगाशीच्या बाजारात पाठवली तर चार घरी गप्पा मारून मगच ती परत यायची. मग तिच्या बोटांवर पांढरे डाग उठले... कोड. भटजींनी पत्रिका पाहून सांगितलं, मागल्या जन्मीचं पाप. आजीने आईला धारेवर धरलं, की हिच्या वेळी तू दुधावर मासे खाल्लेस. समुद्र इतका जवळ असलेल्या घरात त्या दिवसापासून ताईचे मासे बंद झाले. बावचीचं तेल चोपडून तिला अंगणात उन्हात बसवत. कातडीला फोड आले की आजी म्हणे, "पाप बाहेर पडतंय." पुढे वसईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे कोणाला लागत नाही, मुलीला मोकळं वागू द्या. वडिलांनी ऐकून घेतलं, फी दिली, आणि येताना तिच्यासाठी लांब बाह्यांच्या पोलक्याचं कापड घेतलं.

सुकेळी मात्र तीच करायची. वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलायची, उन्हात घालायची, संध्याकाळी सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. गिऱ्हाइकाने विचारलं, कोणी केली, तर वडील म्हणत, "घरच्या बायकांनी." त्याच हातांची सुकेळी देवळात नैवेद्याला जात. ती स्वतः मात्र सभामंडपाबाहेर उभी राही. घरच्या सत्यनारायणाचा प्रसादही तिला कधी वाटू दिला नाही. देवाने तिच्या हातचं कधी नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. नाकारणारे आम्ही होतो, आणि नाव देवाचं घेत होतो.

आजी गेली, आईवडील गेले. मग घर माझ्या हातात आलं, आणि मी काय केलं तेही सांगतो. नीलिमाला पाहायला डोंबिवलीहून माणसं आली, त्या दिवशी पहाटे उठून सगळा स्वयंपाक ताईने केला. मी तिला म्हणालो, "तू जरा मागच्या खोलीत बस." ती हसली. "बसते. खिडकीच्या फटीतून मुलगा बघते. नाही आवडला तर खोकेन हं." पाहुणे बसलेले असताना तिच्या खोलीचं दार वाऱ्याने हलू लागलं. मी उठलो आणि बाहेरून कडी लावली. पाहुणे जेवले, त्यांना बसपर्यंत पोचवून मी परत आलो, तरी कडी काढायची मला आठवण नव्हती. ती नीलिमाने काढली. ताई खाटेवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "वसंत, मी खोकले नाही. मुलगा चांगला आहे."

कडीचा विषय तिने मरेपर्यंत काढला नाही. फक्त त्यानंतर पाहुणे येणार म्हटलं की ती आपणहून उठून मागे जायची... यालाच लोक एकांताची आवड म्हणतात. लग्नानंतर जावयाला ताईच्या कोडाचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "मग त्यात काय?"

गेल्या आठवड्यात ताईच्या खोलीचं ते दार खाली घासतं म्हणून सुतार बोलावला. त्याने दार उघडझाप करून पाहिलं. "काका, ही बाहेरची काढून आतून बसवू का? आत काहीच नाही." इतकी वर्षं या घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकांत आवडणारं माणूस कडी आतून लावतं. ताईच्या दाराला आतून कधी कडी नव्हतीच.

मी त्याला बाहेरची कडी आहे तशी ठेवायला सांगितली. विमलवहिनी वर्षश्राद्धाला येईल, तेव्हा तिला आधी त्या दाराशी नेणार आहे, आणि कडी कोणी लावली होती ते सगळ्यांसमोर सांगणार आहे.