काळ्याला काळी, पांढऱ्याला पांढरी

मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्याचा साहेब होतो. शॉपफ्लोअरवर मी हौसेने एक पाटी लावून घेतली होती, 'रंगाला रंग जोडा, डोकं चालवू नका.' दुसऱ्यांना असं सांगताना आपलं स्वतःचं डोकं मात्र चालतं, अशी माझी ठाम समजूत होती.

त्या मे महिन्यात सासरे चेन्नईला आमच्याकडे आले होते. तंजावरकडचे मराठी, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांची थोरली बहीण तंजावरला होती आणि रविवारी ती मुलाकडे अमेरिकेला कायमची निघाली होती. गुरुवारी जाऊन तिच्याजवळ तीन दिवस राहायचं, असं अप्पांनी ठरवलं होतं. रेल्वेची तिकिटंही काढून झाली होती. ती मीच रद्द करायला लावली. "घरात गाडी असताना रेल्वे कशाला? मी नेतो ना!"

गाडी तेव्हा काळा धूर सोडत होती, पेट्रोल ढोसत होती आणि तिसऱ्या गिअरला उचक्या देत होती. ऑक्सिजन सेन्सर गेला होता. हा सायलेन्सरच्या पाइपात बसून धूर हुंगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनाला कळवतो. गाडीचा अस्सल सेन्सर मागवायचा तर आठवडा लागणार, म्हणून पुदुपेट्टैच्या सुट्या भागांच्या बाजारातून मी कुठल्याही गाडीला चालणारा सेन्सर आणला. त्याला प्लग नव्हता, नुसत्या चार मोकळ्या वायरी. जुन्याचा प्लग कापून नव्याला जोडायचा, एवढंच काम. बायको म्हणाली, "अहो, मेकॅनिकला बोलवा की." दिवसभर वायरी तपासणाऱ्या माणसाला मेकॅनिक!

बुधवारी संध्याकाळी मी गाडीखाली शिरलो. प्लगाकडे दोन काळ्या वायरी, एक निळी, एक पांढरी. सेन्सरकडे दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. पाटीला स्मरून काळ्याला काळी जोडली, पांढऱ्याला पांढरी. उरलेल्यांचे रंग जुळेनात, त्या 'अनुभवाने' जोडल्या. किल्ली फिरवली आणि फ्यूज उडाला. पेट्रोलचा पंपही त्याच फ्यूजवर, त्यामुळे आता गाडी धूर सोडायलाही तयार नव्हती. दुसरा फ्यूज घातला, तोही उडाला. पंपच बिघडलाय, असं मी जाहीर केलं आणि गुरुवारी रजा काढून पंप उघडला. शुक्रवारीही तो उघडाच होता.

अप्पा पिशवी भरून बसले होते. अधूनमधून माझ्यासाठी चहा घेऊन खाली यायचे.

"होईल काय, जावईबापू?"

"संध्याकाळपर्यंत नक्की, अप्पा."

"सरि, सरि, बरें," म्हणत ते दुखरे गुडघे सांभाळत वर जायचे.

शनिवारी सकाळी उठलो तर पिशवी नव्हती. अप्पा पहाटेच्या बसने निघून गेले होते. बायको त्यांना बसवून आली होती आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. टेबलावर गाडीच्या किल्लीखाली एक कागद होता. सेन्सरच्या खोक्यातला, मी न वाचता भिरकावलेला. त्यात कुठल्या गाडीची कुठली वायर कशाला जोडायची याचा तक्ता होता आणि आमच्या गाडीच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. दोन काळ्या दोन पांढऱ्यांना, निळी काळीला, पांढरी करडीला. समासात, तमिळ लिहिण्याची सवय असलेल्या हाताने, माझ्यासाठी मुद्दाम देवनागरीत एकच शब्द लिहिला होता, 'अवलोकनार्थ'.

वायरी बदलल्या, निरोगी पंप परत बसवला. दुपारच्या आत गाडी सुरू झाली. नशिबाने सेन्सर वाचला होता. तसाच तंजावरला निघालो. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अप्पा आणि त्यांची अक्का ओसरीवर शेजारी शेजारी बसले होते.

"कागद आधी का नाही दाखवलात?" मी विचारलं.

"जावयाचें चुकलें म्हणून कसें सांगूं?" अप्पा संकोचून म्हणाले. "चहासंगट तीनदां ठेवलों की. तुम्ही त्यावर कप ठेवलांत. मग हात पुसलांत."

कागदावर कपाचे दोन गोल डाग होते आणि माझ्या काळ्या बोटांचे ठसे. सकाळी ते दिसूनही माझं डोकं चाललं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पर्वाइल्ले, असूं दे," ते म्हणाले. "अक्काशीं आज बोललों की."

रविवारी अक्का अमेरिकेला गेल्या. परतीच्या वाटेवर अप्पा पुढच्या सीटवर बसून गाडीचं कौतुक करत होते. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अक्का पुन्हा भारतात आल्या नाहीत, भावाबहिणीची भेटही पुन्हा झाली नाही. त्यांच्या शेवटच्या तीन दिवसांतले दोन मी गाडीखाली घालवले, आणि ते माझे नव्हते.