लाल नळ्यांचं पाकीट

मला ‘सर’ म्हणणारी पहिली माणसं पंधरा वर्षांची होती. शाळेच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा बावीस मुलं-मुली एकदम उभी राहिली, आणि मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मागे नुसतं दार होतं. मग कळलं, मीच आलोय.

माझं दुकान भोईवाड्यात, कोर्टापासून दोन गल्ल्या आत. जळालेले पंखे आणि पाण्याच्या पंपाच्या मोटारी भरून द्यायचं काम. भरणं म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे बसवायचे. गाव माझं बुलढाण्याकडचं. आठवीत नापास झालो आणि धाकट्या भावाच्या वर्गात त्याच्या शेजारी बसायची वेळ आली. ते काही जमेना. मावसभावाच्या ओळखीनं परळला एका उस्तादाकडे आलो तो इथलाच झालो. राहायला शीव कोळीवाड्यात, एका कोळणीच्या पोटमाळ्यावर. ती मला अजून ‘गाववाले’ म्हणते, पण जेवलास का हे रोज विचारते. या शहरानं मला पोटाला दिलं. उगाच खोटं का बोलू? मात्र कुणी शिकलेला माणूस समोर आला की माझे तळहात अजून ओले होतात.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेचे पंखे घेऊन दुकानात आल्या होत्या. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, बोलणं स्वच्छ आणि तोडून. पंखा बघता बघता म्हणाल्या, “नववी-दहावीला आमच्याकडे विजेच्या कामाचा विषय सुरू झालाय. वर्गातलं आमचे शिक्षक शिकवतील. हातातलं तुम्ही शिकवा.”

मी म्हणालो, “बाई, मी आठवी नापास आहे.”

“मी आठवी पास शोधत नाहीये. पंखे भरणारा शोधतेय.”

आठवड्याचे दोन दिवस मी जायला लागलो. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचो. बूटसुद्धा घेतले.

त्या बावीस जणांत एक मुलगी मी आधीपासून ओळखत होतो. दुकानाच्या मागच्याच चाळीतली. लहान असताना आईबरोबर मिक्सर घेऊन यायची तेव्हा मी तिचा काका होतो. शाळेत तिनं पहिल्याच दिवशी, न सांगता, सर म्हणायला सुरुवात केली. तिचा हात बघून मी थक्क झालो. तार ओढताना माझ्या उस्तादासारखी मान किंचित डावीकडे कलायची तिची. वेढे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, डावा हात नुसता वर करायची, थांब म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिला दहावीनंतर आयटीआयला जायचं होतं. वडलांना ते पटत नव्हतं. वडील मालवणकडचे, आजोबा ज्या गिरणीत होते तिच्याच जागेवर झालेल्या टॉवरमध्ये लिफ्टमन. एकदा लेकीबद्दल बोलायला दुकानात येऊन बसले.

“आता काय सांगूचा, मास्तर! आमचा चेडू पंख्यात हात घालता. लोकांची चेडवां कॉम्प्युटरात हात घालतत.”

“हात चांगलाय तिचा,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणताय म्हणून. मी तिका सांगितलंय, प्रॅक्टिकलात वर्गात पहिली इलंस तर जा आयटीआयला. नाहीतर गपचूप कॉमर्स.”

“येईल की पहिली. नक्की येईल.”

असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. माझ्याच छातीवर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती समजली नाही तर पुढचं समजणार नाही. पंखा भरून झाला की आतून तारेची चार टोकं बाहेर येतात. दोन पंखा चालवणाऱ्या तारेची, दोन त्याला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या तारेची. ही धक्क्याची दोन टोकं चुकून उलटी जोडली गेली की पंखा उलटा फिरतो, वारा छताला देतो. आमच्या उस्तादाची रीत सोपी होती. लाव, बटण दाब, बघ. उलटा फिरला तर दोन टोकं बदल. काय बिघडतंय? त्यालाही त्याच्या उस्तादानं हेच सांगितलेलं. मी वीस वर्षं हेच करत आलो आणि गिऱ्हाइकाला कधी उलटा पंखा दिला नाही.

तेच मी वर्गात शिकवलं. तिनं विचारलं होतं, “पण सर, आधीच कसं ओळखायचं?”

“आधी ओळखून काय करणार? लावून बघायचं. दोन सेकंदांचं काम.”

सगळी हसली. तीही हसली. शाळेनं मागवलेल्या सामानात तारेच्या टोकांवर चढवायच्या बारीक नळ्यांची दोन पाकिटं होती, एक पिवळ्या, एक लाल. मी पिवळी वापरली. लाल तसंच, न फोडता, कपाटात ठेवून दिलं. वाटलं, जास्तीचं आलंय.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. शांत, वयस्क गृहस्थ. मोठ्या बाई वर ऑफिसात होत्या. मुलं आपापल्या टेबलाशी काम करत होती आणि मी परीक्षकांना चहा देत होतो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “सर, तुमचं आयटीआय कुठलं?”

आहे का, असं विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही.

“गावाकडचं,” मी म्हणालो.

“इलेक्ट्रिशियन?”

“हो.”

“अरे वा. मग बरंय, आपल्यातलेच.” आणि त्यांनी बिस्कीट माझ्याकडे सरकवलं. ते मी खाल्लं.

तिचं टेबल शेवटून दुसरं. काम सगळ्यांच्या आधी झालेलं, वेढे इतके घट्ट आणि सारखे की परीक्षक चष्मा काढून वाकून बघत राहिले. “छान. फारच छान. चालू कर.” पंख्याला पाती नव्हती, नुसता गोल डबा स्टँडवर. फिरण्याची दिशा दिसावी म्हणून तिनं त्यावर खडूची रेघ मारली होती. तिनं बटण दाबलं. रेघ उलटी फिरायला लागली.

ती जराही घाबरली नाही. बटण बंद केलं आणि पक्कड उचलली, टोकं बदलायला. मी शिकवलं होतं अगदी तसं.

“थांब,” परीक्षक म्हणाले. “काय करतेयस?”

“टोकं बदलतेय, सर.”

“कुठली बदलायची हे माहीत आहे, मग आधी बरोबर का नाही जोडली? सुरुवातीच्या टोकाची खूण कुठाय?”

“कसली खूण?”

“तार भरताना सुरुवातीच्या टोकाला एका रंगाची नळी, शेवटाला दुसऱ्या. मग चूक होईलच कशी? घरी ठीक आहे गं, उद्या कारखान्यात मोठ्या मोटारीला लावून बघणार? पंप उलटा फिरला तर?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “हे कुणी शिकवलं, लावून बघायला?”

तिनं माझ्याकडे बघितलं. तक्रारीनं नाही. वर्गात उत्तर आठवेनासं झालं की मुलं बघतात तसं, आता सर सांगतील म्हणून.

परीक्षकही माझ्याकडे वळले. आपल्यातलेच.

मी म्हणालो, “खुणा शिकवल्या होत्या मी. हिचं लक्ष नसेल.”

एवढंच. त्या सहा-सात शब्दांना किती वेळ लागला असेल? पंखा एकदा उलटा फिरायला लागतो तेवढा. परीक्षकांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पुढच्या मुलाचा पंखा नशिबानं सुलटा फिरला. त्याच्याही टोकांवर पिवळ्याच नळ्या होत्या, पण सुलट्या पंख्याच्या नळ्या कोण बघतं?

परीक्षा संपल्यावर ती तारेचे तुकडे गोळा करत होती. मी कपाट उघडून उगाच सामान लावत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

“सर, खुणांच्या दिवशी मी आले नव्हते का?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. बोटांवर मोजत आठवत होती, कुठल्या दिवशी ताप होता, कुठल्या दिवशी मामाकडे गेली होती. माझ्यासमोर, डोळ्यांच्या उंचीवर, लाल पाकीट होतं.

“नसशील,” मी म्हणालो.

“मैत्रिणीची वही बघायला हवी होती,” ती म्हणाली, आणि झाडू घेऊन केर काढायला लागली.

तिला पाचवा नंबर मिळाला.

शनिवारी तिचे वडील दुकानात आले. मी मोटार उघडून बसलो होतो, कोर्टातला एक कारकून त्याच्या टेबलफॅनसाठी थांबला होता. वडलांनी पिशवीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

“हे कशाला?”

“बायकोनं दिल्यान. वर्षभर तुम्ही तिच्यासाठी केलात. आता चेडवाचंच लक्ष नाय, तुम्ही काय करणार? ती म्हणता, ज्या दिवशी सरांनी मेन गोष्ट शिकवली त्या दिवशी मीच दांडी मारलेली. मी म्हटलं, झालं तुझं आयटीआय. रडली जरा. आता कॉमर्सचा फॉर्म भरतंव.”

डब्याचं झाकण थोडं उघडं होतं. वेलचीचा वास येत होता. मला उस्तादाची आठवण आली. उस्ताद अंगठेबहाद्दर होता, पण त्याच्या हातून कॉइल बिघडली तर गिऱ्हाइकासमोर सांगायचा, ‘माझ्याकडून गेली, पुन्हा भरतो.’ ते मी त्याच्याकडून शिकलो नव्हतो. टोकं बदलायचं तेवढं शिकलो होतो.

“तिनं दांडी मारली नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“माझ्या तासाला ती एकदाही चुकली नाही. मी शिकवलंच नाही ते. मला येतच नव्हतं. परीक्षेच्या साहेबांनी विचारल्यावर तिच्यावर ढकललं.”

कारकुनानं पेपर खाली केला. वडलांना राग यायला वेळ लागला, कारण आधी ते वाक्य खरं मानायला वेळ लागला.

“माझ्या पोरीनं घरी तुमचा फोटो नाय लावलान एवढाच,” ते शेवटी म्हणाले. “आणि तुम्ही… मास्तर म्हणत होतो हो तुम्हाला.”

डबा उचलला नाही त्यांनी. तो तिथंच राहिला, आणि ते गेले. त्यातली एकही वडी मला खाता आली नाही, शेवटी कोळणीच्या नातवंडांनी खाल्ल्या.

सोमवारी मी लाल पाकीट घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. पाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, आयटीआयच्या खोट्यासकट. बाईंनी ते पाकीट उलटंपालटं करून बघितलं, न फोडलेलं.

“मला माहीत होतं तुम्ही आठवी नापास आहात,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही कुणाला घाबरलात?”

मी जायला उठलो.

“मला तोंडी सांगून भागणार नाही. परीक्षकांना पत्र लिहा. इथेच बसून.”

कागद दिला. वीस वर्षांत मी पावतीवर ‘पंखा १, वॉर्निश सह’ यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. शाळा सुटली, खिडक्या लावायला शिपाई आला, तरी माझं अर्धं पान झालं होतं. ‘शिकवले’ लिहायचं की ‘शिकवलं’ इथंच मी तीनदा अडलो. बाईंनी मदत केली नाही. पत्र झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि एकही अक्षर दुरुस्त न करता पाकिटात घातलं. “एक प्रत तिच्या वडलांना देते,” म्हणाल्या. “तुमच्या अक्षरातलीच.”

मार्क बदलले नाहीत. मार्कांच्या वह्या वर बोर्डाकडे गेल्या होत्या, परीक्षकांनी तसं कळवलं, नम्रपणे. पण मोठ्या बाई ते पत्र घेऊन चाळीत गेल्या, तिच्या घरी दोन तास बसल्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारण्याची हिंमत केली नाही. जुलैत कळलं, ती आयटीआयला गेली.

शाळेनं मला काढलं नाही. बाई म्हणाल्या, “आता तर तुम्हाला खुणा येतात.” विज्ञानाच्या शिक्षिकेनं मला एका दुपारी फळ्यावर सगळं समजावलं, का उलटा फिरतो ते. आमच्या धंद्यातलं वीस वर्षांचं कोडं पंचवीस मिनिटांत सुटलं. नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी लाल पाकीट फोडून दाखवलं. त्यांनाही मी सर वाटतो, याचं मला अजून अवघडल्यासारखं होतं.

परवा ती दुकानावरून गेली. निळा गणवेश, खांद्याला बॅग, बरोबर दोन मैत्रिणी. मी एक पंखा जोडून बटणावर हात ठेवून बसलो होतो. तिनं आत डोकावलं.

“काय काका, लावून बघताय का अजून?”

मैत्रिणी हसल्या. तीही हसली. काका म्हणाली; सर गेलं ते गेलंच.

“खुणा केल्यात,” मी म्हणालो आणि पंखा वळवून तिला दाखवला, एका टोकाला लाल, एका टोकाला पिवळी. तिनं वाकून बघितलं. चष्मा काढून बघणाऱ्या परीक्षकांसारखं, वेळ घेऊन. मी बटण दाबलं नाही. तिनं मान हलवेपर्यंत थांबलो.